गोणजाईचं कवच

१

देवीनं कवच सोडलं, ही खरं तर आनंदाची बातमी. गोणेवाडीत ती आनंदानंच सुरू झाली. हलगी वाजायला लागली, कुणीतरी गुलालाची पिशवी फोडली, आणि मग गाभाऱ्यात डोकावलेली पहिली चार माणसं मागच्या पावली बाहेर आली. हलगीवाल्यानं त्यांची तोंडं पाहिली आणि काठी हवेतच धरून ठेवली.

साल एकोणीसशे अडतीस. चैत्री जत्रा तोंडावर आलेली. गोणेवाडी म्हणजे वडिवळ्याच्या वरच्या अंगाची, डोंगराच्या कुशीतली वाडी. तिथली गोणजाई म्हणजे शेंदराचा रांजणाएवढा लाल गोळा, त्याला चांदीचे दोन डोळे. तेलात कालवलेला शेंदूर रोज चढतो, थरावर थर बसतात, मूर्तीचा आकार बुजून जातो. मग माणसाच्या आयुष्यात फार तर एकदा ते सगळं ओझं एका सकाळी आपोआप सुटून खाली येतं आणि आतली मूळ देवी दिसते. याला कवच सोडणं म्हणतात. अशा दिवशी लेकी माहेरी येतात.

त्या सकाळी कवच सुटलं, डोळे खाली पडले, आणि आत देवी नव्हती. उभा, काळा, सपाट धोंडा होता. हात नाहीत, तोंड नाही, काही नाही.

दत्तोबा पाटील उंबऱ्यापर्यंत आले. मग त्यांनी अंबाजी गुरवाला विचारलं, "अंबाजी, देवी कुटं हाय?"

"हीच की, पाटील."

"हिचं तोंड दाव मला."

अंबाजीला तोंड दाखवता येईना. तेवढ्यात म्हाताऱ्या कस्तुराबाईंना दोघींनी धरून आणलं. मागच्या खेपेला कवच सुटलं तेव्हा हजर असलेलं गावात हे एकच माणूस उरलं होतं. त्यांनी धोंड्याकडं पाहिलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"म्या परकरात व्हते तवा," त्या म्हणाल्या. "आठ हात व्हते तिला. पायाखाली रेडा. हसत व्हती माय माजी. ही न्हवं ती."

मग सगळ्यांना एकदमच आठवलं, की होळीच्या आधी अंबाजी बैलगाडीत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड घालून लोणावळ्याला गेला होता. लोणावळ्यात साहेबांचे बंगले. साहेबांना जुन्या मूर्ती आवडतात, बागेत ठेवायला. यापुढं पंचांना विचार करायची गरजच उरली नाही.

"जत्रंच्या दिवशी देवी जाग्यावर दिसली न्हाई," पाटील म्हणाले, "तर तूबी ह्या गावात दिसू नगंस. बायकापोरांसकट. तंवर गाभाऱ्यात पाय टाकायचा न्हाई."

अंबाजीनं हातातली समई उंबऱ्यावर ठेवली. ती लवंडली. उचलायची, तर हात आत न्यावा लागला असता. म्हणून त्यानं ती तशीच राहू दिली.

२

राजमहंमद मुलाणी रेल्वे पोलिसांत हवालदार होता आणि लोणावळ्यालाच निवृत्त झाला होता. सगळ्या नोकरीत त्यानं एकच मोठी चोरी उघडकीस आणली होती. तीही चोरानं माल स्वतः आणून दिल्यामुळं. पण गावात तेवढंच पोलिस खातं होतं. शिवाय जत्रेत देवीच्या बकऱ्याला सुरी लावायचा मान त्याच्या घराचा, त्यामुळं देवी हरवली तर हा मान कुणापुढं चालवायचा, हा त्याचाही प्रश्न होता.

अंबाजी परसातून आला. पुढच्या दारानं यायची त्याला लाज वाटली.

"राजूभाऊ, म्या काय केलं न्हाई."

"पोत्यात काय होतं?"

"जातं."

"कसलं जातं?"

"दळायचं. लेकीला. तिच्या सासरी जात्याची खालची तळी फुटली, म्हणून पाथरवटाकडनं नवं घेतलं."

राजमहंमदनं दाढी खाजवली. "मग पंचांसमोर बोलला का नाहीस?"

"पाटलांनी 'देवी कुटं' असं इच्यारलं. जात्याचं कुणी इच्यारलंच न्हाई."

आतून राजमहंमदची बायको जैनब म्हणाली, "असल्या माणसानं मूर्ती विकली असती, तर घेणाऱ्याला घरी जेवायलासुद्धा बोलावलं असतं."

"तुझ्या बापाच्या काळात काही झालं होतं?" राजमहंमदनं विचारलं.

"बा मूळचा आंबीचा. पलेगात हितलं गुरवाचं घर समदंच गेलं. गाव उठून माळावर झोपड्यांत ऱ्हायला गेलं व्हतं, तितंच निम्मं संपलं. जे वाचलं ते वरीसभरानं घरी आलं, तवा पूजेला कुणी न्हाई म्हणून माज्या बाला आणला. म्या हितंच जन्मलो. माजं आंघोळीचं पाणी आन् देवीचं पाणी एकाच आडाचं, राजूभाऊ. कुटं जाऊ म्या?"

राजमहंमदच्या मनात वेगळंच चाललं होतं. मूर्ती गेली असेल तर गेली. पण तिच्या जागचा धोंडा कधी आला, हे कोण सांगेल? धोंडा तर बोलणार नाही. मात्र त्याच्या अंगावर इतकी वर्षं जे बसलं होतं ते—

वेशीकडून हलगी ऐकू आली. मग सनई.

"काय वाजतंय?"

"कवच," अंबाजी डोळे पुसत म्हणाला. "पाटील म्हनले, देवी असू नायतर नसू, कवच पवित्र. नदीत सोडायला निघालंत."

राजमहंमद तसाच अनवाणी उठला. एकुलता एक पुरावा पालखीत बसून, वाजतगाजत, बुडायला निघाला होता.

३

पालखी नदीच्या उतारावर गाठली. मुलाणी देवीची पालखी अडवतोय हे दिसायला बरं नव्हतं, आणि भोयांच्या कपाळावर तशा आठ्या उमटल्याही. राजमहंमदनं टोपी सावरली, हात जोडले.

"पाटील, सगळ्या गावानं दर्शन घेतलं. माझं राहिलंय."

याला नाही म्हणायची सोय नव्हती. दर्शन त्याच्या बापानंही घेतलं होतं, आज्यानंही. पालखी खाली ठेवली.

बाहेरून कवच लालभडक होतं. राजमहंमदनं वाकून नमस्कार केला आणि मग त्याची कड हलकेच उचलून आत पाहिलं. कडेला कांद्यासारखे पापुद्रे दिसत होते, मोजायला बसलं तर जत्रा निघून गेली असती. आतली बाजू मात्र घासलेल्या परातीसारखी सपाट. फक्त एका खांद्यापाशी दोरीच्या जाडीचा उंचवटा.

"पाटील, मूर्तीवर शेंदूर चढला असता तर आतल्या बाजूला आठ हातांचे साचे उमटले असते. मेणात बोट दाबल्यासारखे. इथं काही नाही. हे सगळे थर पहिल्यापासून सपाट दगडावरच चढलेत. एवढे थर अंबाजीच्या हातानं होळीपासून आजवर चढणं शक्य नाही. तो धोंडा अंबाजीच्या जन्माआधीपासून तिथं आहे."

मागं उभ्या असलेल्या अंबाजीच्या तोंडावर पहिल्यांदा थोडा रंग आला.

दत्तोबा पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. ते मूर्ख नव्हते. हीच अडचण होती.

"म्हंजे अंबाजीनं न्हाई," ते सावकाश म्हणाले. "त्याच्या बानं. आंबीचं परकं माणूस, गाव मरणाच्या दारात, बघायला कुणी न्हाई. बानं इकली आन् पोरानं झाकली."

पालखी उचलली. कवच पाण्यात सोडलं. पाण्याला थोडा वेळ लाली आली आणि गेली. राजमहंमद काठावर उभा राहिला. त्याच्या तपासाचं फळ एवढंच, की सकाळी एक चोर होता, आता दोन झाले होते, आणि त्यातला एक स्वर्गवासी होता.

४

दुसऱ्या दिवशी तो कामशेतहून गाडीनं लोणावळ्याला गेला. अंबाजीच्या लेकीच्या घरी जातं होतं. त्यानं ते हलवून पाहिलं, पोरगी दळण थांबवून बघत राहिली. हवालदारानं जात्याला इतक्या संशयानं पाहिलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं थोडं पीठही चिमटीत घेतलं. पीठ निर्दोष होतं.

सोपान पाथरवट एका बंगल्याच्या पायऱ्या घडवत होता. गोणजाईच्या गाभाऱ्याची फरशी त्यानंच गेल्या पावसाआधी दुरुस्त केली होती.

"हवालदार, मला धरायला आलाय व्हय?" त्यानं छिन्नी खाली ठेवली नाही.

"तू केलं असशील तर धरतो."

"म्या फरशी केली, तीबी उधार. देवीला हात लावला न्हाई. पण येक सांगतो. समदं देऊळ चुन्यात बांधल्यालं हाय, शिशासारका घट्ट. निस्ता देवीचा पायथा चिखलात. चिखल आन् गोटं कोंबल्यात खोबणीत. वरनं शेंदूर वघळून पाक बुजलंय, म्हणून कुणाला दिसत न्हाई."

"म्हणजे नंतर हलवलीय?"

"कवातरी, लय मागं. पण ज्यांनी हलवली ते पाथरवट नव्हते. आमी असं काम करीत न्हाई. चोरबी न्हाईत."

"चोर का नाही?"

सोपाननं त्याच्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. "चोर मूर्ती उचलून न्हेतो आन् पळतो. मागं खड्डा बुजवीत बसतो व्हय? आन् तितं दुसरा धोंडा, त्याच मापाचा, त्याच खोबणीत बसंल असा, आणतो कुठनं? त्यो दगड त्याच खोबणीचा हाय. उपटला आन् परत हितंच रवला. घाईनं. भ्यालेल्या माणसांनी."

राजमहंमद स्टेशनावर बाकड्यावर बसून राहिला. दगड तोच. खोबण तीच. पण कस्तुराबाईंनी आठ हात पाहिले होते, आणि कस्तुराबाई खोटं बोलत नव्हत्या. कामशेतची गाडी त्याच्या डोळ्यांसमोरून निघून गेली, तरी ते त्याच्या ध्यानात आलं नाही. रेल्वेच्या माणसाला हे शोभत नव्हतं.

५

कस्तुराबाई अंगणात सुपारी कातरत होत्या.

"मावशी, देवीची गोष्ट सांगा. पहिल्यापासून."

"तुला ठावं न्हाई व्हय?"

"मला ठाऊक आहे. तुमच्या तोंडून ऐकायचीय."

मग त्यांनी सांगितलं. कोकणातून मिठाचे बैल घाट चढून यायचे. पाठीच्या दोन्ही अंगांना दोन गोण्या. एका व्यापाऱ्याची एक गोणी वाटेत विकली गेली, बैल एका बाजूला कलायला लागला, म्हणून त्यानं ओढ्यातला एक दगड उचलून दुसऱ्या बाजूला बांधला. इथं आल्यावर बैल बसला, उठेना. रात्री व्यापाऱ्याच्या स्वप्नात दगड म्हणाला, मी तुझं वजन पेलत इथवर आले, आता माझं वजन ह्या गावानं पेलावं. पुढं गावानं त्याच दगडावर मूर्ती कोरून घेतली. गोणीची दोरी जिथं काचली तो वण तेवढा राखला.

"वण कुठं आहे?"

"खांद्यावर. दिव्याच्या कोनाड्याकडल्या. उजेड बरुबर त्येच्यावरच पडायचा. आमी पोरी तितं फूल खोवायचो."

"आणि प्लेगात?"

कस्तुराबाईंचा अडकित्ता थांबला. "तवा म्या शिरगावला, सासरी. माघारी आले ती नंतर. समदे सांगत्यात ते ठावं. गावाच्या पापानं माय रुसली. पाठ फिरवून बसली. मानसं पटापटा गेली. मग उरल्यासुरल्यांची दया आली, आन् पुन्यांदा वळली. तवा कुटं गाव वसलं."

"वळली, हे पाहिलं कुणी?"

"असं इच्यारत्यात व्हय, बाबा? देवीचं हाय त्ये."

राजमहंमदनं मावशींच्या पायांना हात लावला आणि तडक देवळाकडं निघाला. गाभाऱ्यात त्याला जायचं नव्हतंच. त्याची जागा दीपमाळेपाशी, आणि ती त्यानं आजवर कधी ओलांडली नव्हती. आज तो उंबऱ्यापर्यंत आला. दुपारचा उजेड थेट दगडावर होता. दिव्याचा कोनाडा उजव्या भिंतीत.

दोरीचा वण डावीकडच्या खांद्यावर होता. अंधाऱ्या बाजूला.

दगडावर नव्हे, त्या बिनतोंडाच्या, सपाट, काळ्या पाठीवर त्याची नजर खिळली. गाव इतकी वर्षं नमस्कार कुणाला करत होतं, हे त्याला तेव्हा कळलं.

६

जत्रेची सकाळ. सगळं गाव देवळापुढं. अंबाजीच्या घरासमोर गाडी जुंपलेली. त्याच्या बायकोनं भांडी आधीच भरली होती. राजमहंमदनं जैनबचा हातआरसा वेळूच्या काठीला बांधून आणला होता.

"ह्ये काय?" पाटलांनी विचारलं.

"पाटील, मला आत जाता येत नाही. अंबाजीला तुम्ही मनाई केलीय. आता तपास तुम्हालाच करावा लागेल."

गावातली थोडी माणसं हसली. पाटील हसले नाहीत.

"देवीच्या आणि मागच्या भिंतीच्या मधे हातभर फट आहे. त्यात हा आरसा घाला. मी दारातून उजेड पाडतो." त्यानं दुसरा, हजामाचा आरसा उन्हात धरला. उन्हाचा तुकडा छतावरून घसरत फटीत शिरला. पाटील आत गेले. काठी फटीत सरकली.

काठी भिंतीला दोनदा खटखटली.

मग आत धप्पकन आवाज झाला. दत्तोबा पाटील गुडघ्यांवर बसले होते.

"हाय," ते म्हणाले. "हितंच हाय. आठ हात. रेडा... तोंड भिंतीकडं हाय तिचं."

बाहेर गलका उठला. राजमहंमद थांबला, आणि गलका विरल्यावर हळू आवाजात बोलू लागला. त्याला ते सांगताना काही आनंद होत नव्हता.

"पाऊस ओढ घेतो तेव्हा आपण मारुतीला भिंतीकडं तोंड करून बसवतो. पडला, की वळवतो. मागच्या वर्षीच वळवला. प्लेगात माणसं मरायला लागली, तेव्हा त्या वेळच्या पंचांनी देवीला तसंच केलं असणार. डोळे काढून पायाशी ठेवले, उपटली, फिरवली, चिखल कोंबला. आणि म्हणाले, रोग हटव, मग तोंड वळवू. रोग हटला. पण वळवणारे उरले नाहीत. माळावरच गेले. आंबीहून नवा गुरव आला. त्याला काय दिसलं? दगड, आणि पायाशी पडलेले डोळे. त्यानं ते दाराच्या बाजूनं लावले. कोणीही तसंच लावले असते. इकडं पाठीवर शेंदूर चढत गेला. तिकडं तोंडावरचा जुना, तेलावाचून, वाळून गळून गेला. गोष्टीत देवी वळल्याचं सांगतात. ती वळली, पण एकदाच. आणि स्वतः वळली नाही."

त्या वेळचे पंच म्हणजे कुणाचे आजे, कुणाचे चुलते. आणि पाटील म्हणजे दत्तोबांचे वडील. दत्तोबा तेव्हा पाळण्यात होते. वडिलांचं तोंड त्यांना आठवत नव्हतं.

"आता वळवा तिला," मागून कुणी म्हणालं.

"हात कोन लावणार?" दुसरा म्हणाला. "येकदा लावला त्येचं काय झालं?"

"मग काय पाठीचीच पूजा करायची?"

"आजवर नवस पावलेच की पाठीला!"

"तुझा पावला. माझी म्हस मेली."

वाद चांगलाच रंगला असता. पण दत्तोबा पाटील गाभाऱ्यातून बाहेर आले, राजमहंमदनं लोणावळ्याहून बोलावून घेतलेल्या सोपानच्या हातातली पहार घेतली आणि देवळाला वळसा घालून मागं गेले. लोक धावले. पाटलांनी मागच्या भिंतीत पहिला घाव घातला.

"तिला न्हाई फिरवायची," ते धापा टाकत म्हणाले. "देऊळ फिरवू."

सोपाननं त्यांच्या हातून पहार काढून घेतली, कारण ते चुकीच्या दगडावर मारत होते. दिवस कलेपर्यंत भिंतीला दाराएवढं भगदाड पडलं आणि उन्हात देवीचं तोंड आलं. काळं, कोरडं, त्यावर कोळिष्टकं. ती हसत होती, कस्तुराबाई म्हणाल्या होत्या तशीच.

मग लोकांनी मागं वळून पाहिलं. नव्या दारासमोर अंगण नव्हतं. सरळ पुढं तो माळ होता, प्लेगातल्या झोपड्यांचा. चुलींचे काळे दगड अजून तिथं होते. तिथं गुरंही कुणी घालत नसे. ज्यांना कुणी अग्नी द्यायला उरलं नव्हतं, ते तिथंच होते. भिंतीआडून का होईना, इतकी वर्षं तिचं तोंड त्यांच्याकडं होतं.

"अंबाजी," पाटलांनी हाक मारली. "आत ये. पूजा कर."

अंबाजी पुढं आला आणि थबकला. "पाटील, कुठल्या दारानं?"

प्रश्न रास्त होता. शेवटी तो ढिगाऱ्यावरून चढून नव्या भगदाडातूनच आत गेला. त्यानं धोतराच्या सोग्यानं देवीच्या तोंडावरची जाळी पुसली, हलक्या हातानं, तापातल्या लेकराचं तोंड पुसावं तशी. राजमहंमद बाहेर, मातीच्या ढिगापाशी उभा राहिला. दीपमाळ आता देवळाच्या पाठीमागं गेली होती, त्यामुळं त्याची जागा नेमकी कुठं हे त्यालाही ठरवता येईना.

आरती घ्यायला देवीसमोर उभं राहावं लागतं, आणि समोर माळ होता. आधी कुणी पाऊल टाकेना. मग कस्तुराबाई काठी टेकत गेल्या, चुलीचा एक दगड चुकवून उभ्या राहिल्या. त्यांच्यामागं बाया, मग पुरुष. सगळं गाव प्लेगानंतर पहिल्यांदाच त्या माळावर उभं होतं, आपल्या माणसांच्या मधे.

आरती झाली. पहिला मान पाटलांचा, म्हणून अंबाजी ताट घेऊन त्यांच्यापुढं आला. दत्तोबा पाटलांच्या घरात माफी मागायची रीत नव्हती. त्यांना ती येतही नव्हती. त्यांनी अंबाजीच्या हातातून ताट काढून घेतलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि त्याच्यापुढं केलं.

अंबाजीनं ज्योतीवरून हात फिरवले आणि तोंडावरून घेतले. ते बराच वेळ खाली आले नाहीत.